कच्चे काम मोबाईलपासून कसे वाचवावे

इंदूरच्या मराठी घरांत काहीतरी घडवणारी माणसे भरपूर आहेत. कोणी गणेशोत्सवासाठी एकांकिका लिहिते, कोणी मोठाल्या रांगोळ्या घालते, कोणी गाण्याच्या परीक्षा देता देता स्वतःच्या चाली बांधू लागते, तर कोणी नोकरीवरून परतल्यावर जलरंगांची पेटी उघडते. या सगळ्यांची अलीकडची तक्रार जवळपास सारखीच असते. साहित्य जमवलेले आहे, रविवारची दुपार मोकळी मिळाली आहे, विषयही डोक्यात घोळतो आहे, पण बसले की हात चालत नाही. हात चालत नाही म्हणून क्षणभर मोबाईल उचलावा, तर त्याच विषयावर आपल्याहून सरस काम केलेली दहा माणसे एकापाठोपाठ एक समोर येतात आणि पेटी न उघडताच दुपार संपते.

मोबाईल टाकून द्या, हा सल्ला द्यायला सोपा आणि बहुतेकांच्या बाबतीत निरुपयोगी आहे. शिकवणीचे निरोप, ऑर्डरी, नातेवाइकांचे फोन, बँकेचे ओटीपी हे सारे त्याच यंत्रात येते, आणि अनेक कलावंतांचा चरितार्थही आज त्यावर चालतो. म्हणून इथे प्रश्न मुद्दाम लहान केला आहे. एखादे काम सुचल्यापासून त्याला स्वतःचे रूप येईपर्यंत जो कच्चा काळ असतो, तेवढ्या काळात इतरांचे काम आणि इतरांची नजर या दोन्ही गोष्टी दूर कशा ठेवायच्या, एवढेच पाहायचे आहे. दिवसाकाठी किती तास स्क्रीन पाहिली यापेक्षा कामाच्या कोणत्या अवस्थेत पाहिली, हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. चित्र पूर्ण झाल्यावर तासभर रील्स पाहणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. पहिली रेघ ओढण्याआधी दहा मिनिटे पाहणाऱ्याचे मात्र बिघडते.

तुलना नेमकी कशी पोखरते

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. त्याचा गाभा असा, की आपली मते आणि आपली कुवत पारखून पाहण्याची माणसाला गरज असते; त्यासाठी बाहेर एखादे पक्के मोजमाप असेल तर तो ते वापरतो, नसेल तर इतर माणसांशी ताडून पाहतो, आणि त्यातही आपल्या तोडीच्या माणसांशी. धावपटूजवळ घड्याळ असते. कवीजवळ, चित्रकाराजवळ किंवा चाल बांधणाऱ्याजवळ असे काहीच नसते, त्यामुळे इतरांकडे पाहिल्यावाचून त्याचे भागत नाही. म्हणजे तुलना हा काही त्याचा स्वभावदोष नव्हे, ती त्याच्या कामाच्या स्वरूपातूनच येते. ‘तुलना करू नका’ हा उपदेश म्हणूनच वाया जातो.

बदलले आहे ते तुलनेसाठी समोर येणारे माणूस. आपल्या शहराचेच उदाहरण घेऊ. चित्रकार आणि कलाशिक्षक देवळालीकर यांनी १९२७ मध्ये इंदूरला चित्रकलेचे विद्यालय सुरू केले आणि ना. श्री. बेंद्रे, एम. एफ. हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर ही मंडळी त्यांच्या हाताखालून गेली. एका गुरूचे हे शिष्य पुढे इतक्या निराळ्या वाटांनी गेले, की त्यांची चित्रे शेजारी ठेवली तर गुरू एकच होता यावर विश्वास बसू नये. बेंद्रे बडोद्याला शिकवायला गेले, हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवण्यापासून सुरुवात केली, आणि चिंचाळकर गुरुजी इथेच राहून वाळलेली पाने, काटक्या आणि टाकाऊ वस्तू यांतून आकार शोधत राहिले. कोणत्याही वर्गात तुलना असतेच, पण तिथे शेजारच्याचा कागद पहिल्या रेघेपासून दिसतो. त्याने काय खोडले, रंग कुठे फाटला, मास्तरांनी त्याला काय ऐकवले, हे सगळे डोळ्यांदेखत घडते, आणि त्यामुळे त्याचे चांगले चित्र पाहून हेवा वाटला तरी ते कसे झाले याचा धागाही आपल्या हाती लागतो.

इन्स्टाग्रामवर नेमका हाच धागा कापलेला असतो. तीन आठवड्यांचे काम तिथे अर्ध्या मिनिटात उलगडते, फसलेले कागद चौकटीबाहेर राहतात, आणि ज्याने आयुष्य या कलेत घातले आहे त्याचे चित्र आणि वर्षभरापूर्वी ब्रश हाती घेतलेल्याचे चित्र एकाच आकाराच्या चौकोनात, एकाखाली एक येते. फेस्टिंगर ज्याला आपल्या तोडीचे माणूस म्हणत होते, ते ओळखण्याची खूणच तिथे उरत नाही. सेऊलमधला व्यावसायिक चित्रकार आणि राजेंद्रनगरमधला आपला सहाध्यायी हे मनाला एकाच रांगेतले वाटू लागतात आणि त्या रांगेत आपला क्रमांक काढण्याची सवय जडते. त्याखालचे आकडे ही सवय पक्की करतात. फेसबुकवर ‘लाइक’चे बटण आले ते २००९ मध्ये, तेव्हापासून, ज्या कलांना मोजमाप नव्हते त्यांना एक मोजमाप मिळाले, पण ते कामाचे नव्हे तर त्या कामावर क्षणभर थांबलेल्या अंगठ्यांचे.

दुसरा धोका याहून कमी ओळखीचा आहे आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. टेरेसा अमाबिले या अमेरिकन संशोधिकेने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लिहिण्याची आवड असलेल्या तरुणांकडून छोट्या कविता लिहून घेतल्या. मध्येच त्यांतल्या एका गटाला, आपण का लिहितो याची बाहेरची कारणे वाचून क्रम लावायला दिला, म्हणजे प्रसिद्धी, पैसा, लोकांची वाहवा अशी. दुसऱ्या गटाला लिहिण्यातल्या आनंदाची कारणे दिली. त्यानंतर लिहिलेल्या कविता जाणकार कवींना वाचायला दिल्या, तेव्हा पहिल्या गटाच्या कविता सर्जनशीलतेत कमी भरल्या. काही मिनिटांचे वाचन, तेही नुसत्या कारणांच्या यादीचे, एवढ्याने हा फरक पडला. आता आपण लिहायला बसण्याआधी कालच्या पोस्टला किती हृदये मिळाली हे पाहतो, तेव्हा तीच यादी आपण स्वतः होऊन वाचत असतो.

विचलनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवले, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळले तरी लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरे काम त्यामुळे उणे पडते. निरोप पाहायला म्हणून घेतलेला मोबाईल दोन मिनिटांत खाली ठेवला तरी त्या निरोपातला वाद कॅनव्हाससमोर आपल्याबरोबर येऊन बसतो. त्यात, पान कधीच न संपणारी सरकती रचना एझा रास्किन यांनी २००६ मध्ये तयार केली आणि पुढे त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. पण आज बहुतेक सगळी ॲप्स त्याच रीतीने चालतात, त्यामुळे ‘आता थांबावे’ असे सांगणारा शेवट त्यांना नाही.

पहिला आठवडा फक्त नोंदीचा

सुरुवातीलाच काही बंद करू नये. आधी एक साधी वही घेऊन आठवडाभर नोंद ठेवावी. अँड्रॉइड मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ असते. त्यांत एकूण तास ठळकपणे दिसतात, पण आपल्याला त्याहून उपयोगी आकडा हवा आहे, तो म्हणजे मोबाईल दिवसात किती वेळा उघडला. आयफोन तर उचलल्यावर सर्वांत आधी कोणते ॲप उघडले तेही दाखवतो. हे आकडे रात्री वहीत उतरवावेत आणि त्यांच्या शेजारी एकच ओळ लिहावी: उघडण्याआधी मी काय करत होतो.

ही ओळ कंटाळवाणी वाटेल, पण सगळे मर्म तिच्यात आहे. आठवड्याच्या शेवटी ती वाचली की बहुतेकांना एक ठरावीक जागा सापडते. लिहिणाऱ्यांची ती सहसा पहिल्या परिच्छेदानंतर असते, जिथे पुढे काय हे ठाऊक नसते. चित्र काढणाऱ्यांची रेखाटन झाल्यावर, रंग भरण्याच्या आधी. गाणाऱ्यांची एखादी जागा तिसऱ्यांदा निसटल्यावर. म्हणजे आपण कंटाळून मोबाईल घेतो असे समजत असलो, तरी बऱ्याचदा अडल्यावर घेतो. आणि अडणे ही कच्च्या कामातली सर्वांत नाजूक घडी असते, कारण पुढचा निर्णय तिथेच व्हायचा असतो. आपली जागा एकदा कळली की उपायही तिथेच करायचा असतो, चोवीस तासांवर पहारा बसवण्याची गरज राहत नाही.

नोंदीच्या आठवड्यात घरच्यांनाही सामील करून घ्यावे, पण पहारेकरी म्हणून नव्हे. ‘आई, तू पुन्हा मोबाईल घेतलास’ असे मुलांकडून ऐकून घेण्याने चिडचिड वाढते, चित्र पुढे सरकत नाही.

बैठकीची जागा

काम करताना मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा. पालथा घालून टेबलावर नको, खिशातही नको. टेक्सास विद्यापीठातील ॲड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांचे मोबाईल दुसऱ्या खोलीत होते त्यांनी आकलनाच्या चाचण्यांत टेबलावर मोबाईल ठेवणाऱ्यांपेक्षा चांगली कामगिरी केली, तीही मोबाईल एकदाही न वाजता. पुढे इतरांनी केलेल्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही मी हा नियम पहिला ठेवतो, कारण अडल्याच्या घडीला उठून दुसऱ्या खोलीत जावे लागणे हाच त्यातला खरा लाभ आहे. तेवढ्या चार पावलांत आपण कशासाठी उठलो हे लक्षात येते.

इथे अडचणी सुरू होतात आणि त्या खऱ्या आहेत. गाणाऱ्यांचा तानपुरा आणि तबला आता मोबाईलमध्येच असतो. लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण मराठी टंकलेखन मोबाईलवरच करतात, कारण बोटांना तीच सवय झाली आहे. चित्र काढणाऱ्याला संदर्भासाठी फोटो लागतात. यांपैकी प्रत्येकावर तोडगा आहे. रियाजासाठी घरातला जुना मोबाईल सिमकार्ड काढून, वायफायचा पासवर्ड विसरायला लावून, फक्त तानपुऱ्याचे ॲप ठेवून वापरावा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेणे परवडत असेल तर त्याहून चांगले. संदर्भाचे फोटो आदल्या दिवशी निवडून छापून घ्यावेत. रंगीत प्रतीला थोडे पैसे जातात, पण छापील फोटोच्या खाली पुढचा फोटो येत नाही. लिहिणाऱ्यांनी पहिला खर्डा कागदावर करावा असे माझे मत आहे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी एअरप्लेन मोड लावून मोबाईलवर लिहावे. शब्दाचा अर्थ, एखादे साल, एखाद्या गावाचे नाव अडले तर तिथे फुली मारून पुढे जावे आणि सगळ्या फुल्या शेवटी एकदम सोडवाव्यात. एक साल शोधायला गेलेला माणूस किती वेळाने परततो, हे वहीत एव्हाना नोंदले गेलेच असेल.

अडण्याच्या जागेसाठी आणखी एक सवय उपयोगी पडते. काम थांबवताना, म्हणजे जेवायला हाक आली किंवा शिकवणीची मुले आली म्हणून उठताना, पुढे नेमके काय करायचे ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे: ‘डाव्या झाडाची सावली निळसर’, ‘दुसऱ्या अंकात सासूचे पत्र’. लरॉय यांनी नंतरच्या संशोधनात हाच उपाय तपासला आहे. थांबण्यापूर्वी पुढच्या पावलाची नोंद केली की मन त्या कामातून मोकळे होते आणि मध्ये आलेल्या गोष्टीकडे पूर्ण लक्ष देऊ शकते. आपल्याला मिळणारा दुसरा लाभ असा, की परतल्यावर ‘आता काय करू’ या प्रश्नाने सुरुवात होत नाही आणि मोबाईलला तेवढी फट मिळत नाही.

समोर येणारे कसे निवडावे

यात फार वेळ घालवू नये, एका संध्याकाळचे काम आहे. सर्व ॲप्सच्या सूचना बंद कराव्यात, फक्त फोन आणि आवश्यक माणसांचे निरोप चालू ठेवावेत. इन्स्टाग्रामवर लाइकचे आकडे लपवण्याची सोय २०२१ पासून आहे, ती आपल्या आणि इतरांच्या दोन्ही पोस्टसाठी वापरावी. यूट्यूबवर पाहिलेल्या गोष्टींचा इतिहास पुसून बंद केला, की मुख्य पानावरच्या शिफारशी नाहीशा होतात आणि जे पाहायचे ते शोधूनच पाहावे लागते. शास्त्रीय गाणे ऐकणाऱ्यांना हा बदल विशेष मानवतो, कारण ॲप उघडताच दहा गायकांची तुलनात्मक चर्चा समोर येणे थांबते. व्हॉट्सॲपवरचे सोसायटीचे, मंडळाचे आणि शाळासोबत्यांचे गट संग्रहात टाकावेत आणि दिवसातून एकदा उघडावेत.

ज्यांचे काम पाहून आपल्याला हुरूप येण्याऐवजी गळून गेल्यासारखे होते, त्यांना म्यूट करावे. यात वैर नाही आणि समोरच्याला ते कळतही नाही. म्यूट करताना लाज वाटते ती सहसा ओळखीच्या माणसाबद्दल, आणि सर्वांत जास्त सलते तेही सहसा ओळखीच्याच माणसाचे, कारण आपल्या तोडीचे माणूस बहुधा तेच असते. तुमचे चित्र चालू आहे तेवढ्या महिन्यापुरते म्यूट करा, पुढे उघडा. लग्नाकार्यात भेट झाल्यावर त्यांच्या कामाविषयी त्यांच्याच तोंडून ऐका. ते ऐकणे स्क्रीनवर पाहण्याहून निराळे असते, कारण त्यात किती कागद फाडले हेही कळते.

रिकामा वेळ

ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने १९२६ मध्ये सर्जनाच्या प्रक्रियेचे चार टप्पे सांगितले: तयारी, मुरणे, उजळणे आणि पडताळणे. यांतला दुसरा टप्पा बाहेरून काहीच न घडल्यासारखा दिसतो. माणूस भाजी निवडतो, दुकानात रांगेत उभा राहतो, पलासियाच्या सिग्नलवर ताटकळतो, आणि मागे सोडलेला प्रश्न आत कुठेतरी चालू राहतो. हे रिकामे तुकडे दिवसभर विखुरलेले असत; आज ते सगळेच्या सगळे रील्सनी भरले गेले आहेत. काम करताना मोबाईल दूर ठेवणारेही हे तुकडे मात्र त्यालाच देऊन टाकतात, आणि मग काही सुचत नाही म्हणून खंतावतात.

कुमार गंधर्वांची कहाणी माळव्यात सगळ्यांना ठाऊक आहे, पण या दृष्टीने ती पुन्हा पाहण्यासारखी आहे. क्षयाने आजारी असलेले कुमारजी १९४८ मध्ये देवासला आले. सुमारे पाच वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. त्या काळात घराभोवती माळव्यातली लोकगीते त्यांच्या कानांवर पडत राहिली, ती त्यांनी जमवली, त्यांचा विचार केला, आणि पुढे त्या धुनांतून त्यांनी धुनउगम राग घडवले. आजाराचे गुणगान करण्याचा इथे मुळीच हेतू नाही. ज्याला गाता येत नाही अशा गायकाच्या कानाला शांतता मिळाली आणि आसपासचे, कोणत्याही मैफलीत मानाचे न समजले जाणारे गाणे त्याला नीट ऐकू आले, एवढेच पाहायचे आहे. हेच गाणे इतरांनाही ऐकू येत होतेच.

करायचे काय, तर दिवसातले दोन रिकामे तुकडे ठरवून रिकामेच ठेवावेत. सकाळचे फिरणे आणि स्वयंपाक हे दोन सर्वांत सोयीचे. फिरताना कानांत इअरफोन नको, भक्तिगीतांचेही नको. पहिले काही दिवस डोक्यात बिलांचे हिशेब आणि कालचे भांडणच फिरत राहते. त्याला कंटाळू नये, ते आधी बाहेर पडावेच लागते. खिशात कागदाचा तुकडा आणि पेन्सिल असावी. सुचलेले मोबाईलमध्ये टिपायला गेले की काय होते, ते आपल्या वहीत पाहावे.

दाखवावे कधी आणि कोणाला

विरजण लावलेले दूध तासातासाने ढवळून पाहिले तर दही लागत नाही. अर्धवट कामाचा फोटो स्टेटसला लावणे हे तसेच ढवळणे आहे. कोणी ‘वा, क्या बात है’ म्हणते, आणि ते पूर्ण करण्याची ओढ तिथेच निम्मी भागते. कोणी काहीच म्हणत नाही, आणि ज्या जागेवर आपला विश्वास होता तीच जागा आपण बदलून टाकतो. दोन्हींत काम आपल्या हातून निसटते. म्हणून ठाम नियम असा करावा, की ज्या कामात मोठा बदल करण्याची अजून शक्यता आहे ते काम कोणत्याही पडद्यावर जाणार नाही.

मात्र काम कोणालाच न दाखवणे हा दुसऱ्या टोकाचा दोष आहे आणि तोही माणसाला कोरडे करतो. दोन किंवा तीन माणसे निवडावीत, जी कौतुकासाठी कौतुक करणार नाहीत आणि ज्यांना त्या कलेतले काही कळते. शिकवणारे सर असतील, बरोबर शिकलेली मैत्रीण असेल, वाचनाची आवड असलेल्या शेजारच्या काकू असतील. त्यांच्यासमोर काम प्रत्यक्ष ठेवावे, फोटो पाठवू नये; माणूस चित्रासमोर किती वेळ उभा राहतो, कुठे पुन्हा वळून पाहतो, कवितेच्या कोणत्या ओळीला मान हलते, हे कोणत्याही प्रतिक्रियेपेक्षा अधिक सांगते. त्यांना ‘कसे झाले?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘छान’ एवढेच उत्तर असते. ‘कुठे कंटाळा आला?’ असे विचारावे. इंदुरात महाराष्ट्र साहित्य सभा आणि सानंद यांसारख्या संस्था आहेत, मराठी बोलणाऱ्यांची ऊठबस त्यांच्या निमित्ताने होत असते. आपली दोन-तीन माणसे अशा ठिकाणी भेटण्याची शक्यता कोणत्याही ॲपपेक्षा जास्त आहे.

ज्यांचा धंदा पोस्टवर चालतो

मेंदीचे काम, केक, रांगोळ्या, शाडूच्या मूर्ती, हाताने रंगवलेल्या साड्या, यांच्या ऑर्डरी आज इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरूनच येतात. त्यांना ‘उशिरा दाखवा’ असे सांगून चालणार नाही. त्यांनी पाहणे आणि टाकणे ही दोन कामे तोडून वेगळी करावीत. आठवड्यातून एक दिवस ठरवून फोटो काढावेत, मजकूर लिहावा आणि पुढच्या आठवड्याच्या पोस्ट संगणकावरून वेळ लावून ठेवाव्यात. मेटाच्या बिझनेस सूटमध्ये ही सोय विनामूल्य आहे. चौकशांना उत्तर देण्यासाठी दिवसातल्या दोन वेळा नक्की कराव्यात आणि त्या आपल्या पानावर लिहून टाकाव्यात. ग्राहक रागावतील अशी भीती वाटते, पण इंदुरात दुकानाच्या वेळा पाळणाऱ्याला कोणी वाईट म्हणत नाही. घरात कोणाला आवड असेल तर निरोपांचे काम त्यांच्याकडे सोपवावे. पुष्कळ ठिकाणी मुलगी किंवा जावई हे काम आनंदाने करतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर्षातले काही काम मुळातच विक्रीबाहेर ठेवावे. सतत जे खपते तेच दाखवत गेले की तेच मागितले जाते, आणि तीन दिवाळ्यांनंतर हात दुसरे काही करेनासा होतो. महिन्यातून एक रांगोळी अशी असावी जिचा फोटोसुद्धा काढायचा नाही. ऐकायला हे अव्यवहार्य वाटेल. पण नव्या ऑर्डरीसाठी लागणारी नवी रचना तिथूनच निघते.

तुलना करायचीच, तर

सुरुवातीला म्हटल्याप्रमाणे तुलनेवाचून सुटका नाही, तेव्हा तिला चांगले खाद्य द्यावे. पहिले खाद्य म्हणजे आपलेच जुने काम. प्रत्येक कामाच्या मागे तारीख लिहावी, फसलेलेही जपावे, आणि सहा महिन्यांनी सगळे जमिनीवर मांडून पाहावे. दुसरे म्हणजे एकच मोठे काम, पुष्कळ वेळ. एबी रोडवरच्या सेंट्रल म्युझियममध्ये हिंगलाजगढहून आणलेली परमारकालीन शिल्पे आहेत. त्यांतल्या एकासमोर तासभर बसून रेखाटन करावे, पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच शिल्पासमोर बसावे. त्या शिल्पकाराशीही आपली तुलना होतेच, आणि त्याच्यापुढे आपण कमी पडणार हे उघड आहे. पण तासभर पाहिल्यावर गुडघ्याचा बाक त्याने कसा साधला हे कळते, आणि घरी आणण्यासारखे काहीतरी मिळते. शंभर चित्रे सेकंदभर पाहून असे काही हाती लागत नाही.

तरी कधी एखाद्याची पोस्ट सलतेच. तेव्हा वहीत लिहावे, नेमके काय सलले: त्याचे कसब, त्याला मिळालेली वाहवा, की त्याच्याकडे असलेला वेळ आणि पैसा. कसब सलले असेल तर ते शिकता येते, आणि त्या दिवशीच्या सरावाला विषय मिळाला. वाहवा सलली असेल तर दोन दिवस ॲप काढून टाकावे आणि आपल्या दोन-तीन माणसांपैकी एकाकडे जाऊन बसावे. वेळ किंवा पैसा सलला असेल तर ते दुःख कलेचे नव्हे. त्याचा विचार घरखर्चाच्या वहीत करावा, चित्रासमोर नको.

सर्वांत बोचते ती वेळ निराळी असते. आपण ज्या विषयावर आठवडे घालवत आहोत, त्याच विषयावरचे दुसऱ्याचे पूर्ण झालेले काम अचानक समोर येते, आणि आता आपले कोण पाहणार म्हणून अर्धे काम फाडून टाकण्याची इच्छा होते. अशा वेळी ती पोस्ट पुन्हा पुन्हा उघडू नये. आपल्या कामाचा त्या दिवशीचा फोटो काढून तारखेसह ठेवून द्यावा, पोस्ट दिसल्याची नोंद वहीत करावी आणि काम पूर्ण होईपर्यंत तिकडे फिरकू नये. पूर्ण झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवून, आपल्या विश्वासातल्या एका माणसाला बोलावून पाहावे. साम्य बहुधा विषयापुरतेच निघते. त्याहून जास्त निघाले, तर कोणता भाग आपला आणि कोणता नकळत उचललेला, हे त्या तारखेच्या फोटोवरून ठरवता येते आणि तेवढाच भाग पुन्हा करता येतो.